पाणी टिकलं

४ जानेवारी

मुंगे,

माझं अक्षर बघून न वाचताच फाडायचा विचार असेल तर जरा थांब. माझ्यासाठी वाचू नकोस, आईसाठी वाच. पत्ता आपल्या कामावरच्या जुन्या मिस्त्रींनी दिला. फोन नंबर मागितला तर म्हणाले, "नंबर द्यायचा नाही असं तिने बजावलंय. पत्तासुद्धा आईचं काही असेल तरच." एवढ्या वर्षांत मिस्त्रींशी तुझं बोलणं चालू होतं हे मला परवा कळलं. असो.

आईचं बरंवाईट काही झालेलं नाही, घाबरू नकोस. झालंय ते असं की आई बाथरूममध्ये जात नाही.

हसू नकोस. मी दोन वर्षांपूर्वी आईकडे राहायला आले. माझं घर भाड्याने दिलं आणि सामान उतरवून झालं तशी आधी इथलं बाथरूम फोडलं. म्हटलं, पंचवीस वर्षं लोकांची बाथरूम सजवली आणि आईने मात्र त्या गळक्या नळाखाली आंघोळ करायची, शोभतं का? जीव ओतून काम केलं बघ. जमिनीला जवळजवळ काळा दगड, असा चकचकीत की दिवा त्यात दिसावा. भिंती पांढऱ्या, बेसिन पांढरं, कमोड पांढरा, सीट पांढरी. फ्लशची टाकी भिंतीच्या आत, बाहेर फक्त भिंतीच्याच रंगाची एक चौकोनी पट्टी. नळ बिनतोटीचा, हात खाली धरला की पाणी. आरसा छतापासून कमरेपर्यंत आणि त्याच्यामागून उजेड. फोटो छापून आले. दगड कुठून आणला हे विचारायला लोक फोन करत होते.

पहिलं वर्ष आईने निभावलं. मग तिचं विसरणं वाढलं. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजारणीचं नाव. डॉक्टर म्हणाले, आजचं आधी जाईल, जुनं शेवटपर्यंत राहील. आता ती बाथरूमच्या दाराशी येते आणि चौकट घट्ट धरून उभी राहते. म्हणते, "अगं, खाली खड्डा आहे." माझा तो काळा दगड तिला खड्डा दिसतो! पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कमोड तिला सापडत नाही. नळापुढे उभी राहून विचारते, "याला तोटी कुठाय? का विनवण्या केल्यावर पाणी देतो हा?" आणि आरसा. आरशात तिला कोणी म्हातारी बाई दिसते. मग ती मागे सरते, दार हळूच लोटून घेते आणि मला सांगते, "आत कोणीतरी आहे. त्यांचं होऊ दे आधी."

परवा अर्धा तास अशी दाराबाहेर थांबली होती, टॉवेल हातावर घेऊन, अगदी शहाण्यासारखी. मला आधी हसू आलं, मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आता बादली तिच्या खोलीत आणून अंग पुसून देते. एवढं दिमाखदार बाथरूम, आणि आईची आंघोळ खाटेशेजारी.

तू मला एकदा तोंडावर म्हणाली होतीस, "ताई, तू बाथरूम फोटोसाठी करतेस. आंघोळ करणाऱ्या माणसाचा विचार मला करावा लागतो." तेव्हा मी तुला खवचट म्हणाले होते. आता तुलाच विचारतेय. काय करू?

आणखी एक. काल काय जेवली ते तिला आठवत नाही, पण नऊ वर्षांपूर्वीचं ते सगळं पक्कं आहे. रोज सकाळी उठली की पहिला प्रश्न, "धाकटीने माफी मागितली का?" मी म्हणते, "अजून नाही." मग दिवसभर चेहरा पाडून बसते. ती तुला ओळखते आहे तोवर तू यावंस एवढंच मला हवंय. डॉक्टर म्हणतात, फार महिने हातात नाहीत. म्हणजे ओळखीचे. जुनं प्रकरण मी उकरून काढत नाही, तूही काढू नकोस. ये फक्त.

तुझी ताई


१९ जानेवारी

मुंगे,

तुझं कार्ड आलं. ना प्रिय, ना नमस्कार, ना खाली सही. दुकानाला सामानाची यादी पाठवतात तीसुद्धा याहून गोड असते गं. "जमीन फिकट, एकाच रंगाची, झिलई नको, नक्षी नको. सीट लाल. नळाला तोटी, गरमवर लाल ठिपका. आरसा काढ. दारावर चित्र लाव." नऊ हुकूम! मी मोजले.

"आरसा काढ" वाचून डोक्यात तिडीक गेली. माझ्या सबंध कामातला तो सगळ्यात देखणा आरसा. पण दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना बोलावून काढला, पाठीमागचा दिवा झाकला. आई आली, डोकावली. "गेल्या वाटतं त्या," म्हणाली आणि पाऊल आत टाकलं. टाकलं आणि लगेच मागे घेतलं, कारण खड्डा होताच. पण बाईंचा प्रश्न सुटला.

लाल सीटसाठी चार दुकानं पालथी घातली. सगळीकडे पांढरी, फार तर करडी. एका दुकानदाराने मला ओळखलं. "मॅडम, तुम्ही? लाल?" असं म्हणून तो असा काही हसला की मला आठवलं, रंगीत सीट म्हणजे गावंढळपणा हे त्याला मीच शिकवलं होतं. शेवटी त्याच्याच गोदामात एक निघाली, जुन्या मालातली, धुळीने माखलेली. बसवली. आईला दारातून दाखवली तर म्हणाली, "हां, आता खुर्ची दिसली." तिला खुर्ची वाटली तर वाटू दे. जाऊन बसली ना, बस्स. अर्थात माझा हात धरून, आणि मी जमिनीवर दोन फिकट चादरी अंथरल्या होत्या तेव्हा.

तुझं कार्ड मी तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "कोणी लिहिलंय?" मी म्हटलं, "आहे एक जाणकार." "हुशार दिसतेय. तिलाच ठेव कामावर." नाव मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा माफीवर आली असती.

तू येणार की नाही ते मात्र लिहिलं नाहीस. मुंगे, किती ताणायचं? ते दातांच्या डॉक्टरीणबाईंचं बाथरूम, ते खालच्या मजल्यावरचे वाद्यं दुरुस्त करणारे काका, त्यांचं छत गळलं, वीस वीस वर्षं वाळवलेली लाकडं भिजून वाकली, सगळं खरं. वाईट झालं. पण झालं ते दोघींच्या हातून झालं असं म्हणू या ना. टाइल्स बसवण्याआधी जमिनीवर पाणी कोंडून तीन दिवस ठेवायचं, भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारायची आणि तिसऱ्या दिवशी पाणी रेघेवर आहे का बघायचं, ही शिस्त तूच आपल्या कामात आणलीस. तिसऱ्या दिवशी तू पाहिलंस, साइटच्या वहीत "पाणी टिकलं" असं लिहून सही केलीस. मी डोळे झाकून टाइल्स लावायला सांगितल्या. तुझंही थोडं चुकलं, माझंही थोडं. आईसमोर एकदा "चुकलं" म्हणून टाक. तिचा जीव शांत होईल आणि तुलाही या घरात यायला वाट मोकळी होईल.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

मुंगे,

"दोघींचं? माझं कोणतं ते लिही."

एवढ्यासाठी कार्डाचे पैसे खर्च केलेस! नऊ वर्षं झाली तरी जिभेची धार तशीच आहे तुझी. वाचून मी कार्ड ओट्यावर आपटलं, मग उचलून पुसलं, कारण ते ओलं झालं होतं. दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. नेहमीसारखी तूच जिंकलीस.

आधी कामाचं सांगते. काळा दगड फोडला. मिस्त्री पहिला घाव घालताना थांबले, म्हणाले, "बघा हं, असा तुकडा पुन्हा मिळायचा नाही." मी म्हटलं, "घाला." आवाजाने आई घाबरली, तिला शेजारी नेऊन बसवलं. मी मात्र दारात उभी राहून शेवटचा तुकडा निघेपर्यंत बघत होते. वाटलं होतं जीव तुटेल. तसं काही झालं नाही. उलट खालचं ओबडधोबड सिमेंट दिसलं तेव्हा बरंच वाटलं.

नव्या टाइल्स वाळूच्या रंगाच्या घेतल्यात, खरखरीत, ओल्या पायाने फिरलं तरी पाय धरून ठेवणाऱ्या. हाताला धरायला दांडा लावायचाय. दुकानात दवाखान्यातल्यासारखे स्टीलचे होते, ते बघूनच माणूस आजारी पडेल. मग मिस्त्रींनी युक्ती काढली. टॉवेलची पितळी दांडी असते ना, तसाच दिसणारा पण भिंतीत खोल बसणारा जाड दांडा करून घेतोय. आईला वाटेल टॉवेल वाळत घालायचा आहे. कमोडच्या मागची भिंत गडद निळी करतेय, म्हणजे कमोड उठून दिसेल. बघ, तुझे नऊ हुकूम पाळूनही मी थोडी मिरवतेच. खोड जात नाही.

उताराचं काम चालू असताना तुझी आठवण झाली. तुझ्या खिशात कायम ती काचेची गोटी असायची. जमीन झाली की तू चार कोपऱ्यांतून गोटी सोडायचीस आणि ती प्रत्येक वेळी जाळीपाशी येऊन थांबली तरच मिस्त्रींना जेवायला जाऊ द्यायचीस. मिस्त्री किती शिव्या घालायचे तुला! परवा मी त्यांना विचारलं, मुंगी तिकडे करते काय? म्हणाले, "हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर असते. स्क्रू, खिळे, कड्या." जिच्या डोळ्याला केसाएवढा उतार दिसायचा ती मुलगी स्क्रू मोजून पुड्या बांधते.

आता तुझा प्रश्न. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या घरी सगळे जमले होते, काकांनी भिजलेल्या लाकडाचा तुकडा टेबलावर आणून ठेवला होता आणि बाईंनी विचारलं, "हे पास कोणी केलं?" मिस्त्रींनी वही उघडली. तुझी सही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "मी तिच्यावर विश्वासाने सोपवलं होतं." ते खरं होतं. म्हणजे, तेवढं वाक्य खरं होतं. घरी आल्यावर आई तुला जे बोलली ते मी दाराआडून ऐकलं. "बहिणीच्या नावाला बट्टा लावलास. माफी मागितल्याशिवाय या घरात पाऊल टाकू नकोस." आणि तू एकच म्हणत होतीस, "आई, पाणी रेघेवर होतं. मी वाकून पाहिलंय." मी आत यायला हवं होतं. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि तू निघून जाईपर्यंत तिथेच ग्लास धरून उभी राहिले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात लिहिते. आज नाही जमत. आज मिस्त्री यायचेत.

ताई


३ मार्च

मुंगे,

घाईत चार ओळी. उत्तर लिहिते म्हटलं होतं, पण आईला सर्दी झाली, मग मिस्त्री दोन दिवस आले नाहीत, मग माझी कंबर धरली. कारणं खरी आहेत, मिस्त्रींना विचार हवं तर.

काल वॉटरप्रूफिंग सुकलं, आज सकाळी पाणी कोंडलं. चार बोटं. जाळीच्या तोंडात बोळा बसवून, वर पिशवी बांधून, तुझ्या पद्धतीने. मिस्त्रींनी पेन्सिल काढली तर मी म्हटलं, द्या इकडे, रेघ मी मारते. ते माझ्याकडे बघत राहिले. सबंध आयुष्यात मी साइटवर वाकले नव्हते ना. वाकून रेघ मारली. वाकडी आली.

आई दारात येऊन उभी आहे. काहीतरी विचारतेय. बाकीचं नंतर.

ताई


२९ मार्च

मुंगे,

हे पत्र मी याआधी चारदा लिहिलंय आणि चारही वेळा फाडलंय. या वेळी जे सांगायचं ते आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे पळवाट उरणार नाही.

रेघ मी हलवली होती.

डॉक्टरीणबाईंच्या बाथरूममध्ये तू पाणी कोंडलंस आणि रेघ मारलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी तिथे गेले होते. फोटोवाल्याला जागा दाखवायची म्हणून कोन बघायला. पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं. एका दिवसात एवढं पाणी हवेत उडत नाही, हे मला तुझ्याइतकंच कळतं. कुठेतरी मुरत होतं. म्हणजे सगळं पुन्हा उकरायचं, पुन्हा लेप, पुन्हा सुकणं, पुन्हा तीन दिवस. मासिकाचं मुखपृष्ठ ठरलं होतं, दहा दिवसांवर फोटो. पहिल्यांदाच कोणीतरी माझं काम मुखपृष्ठावर घेत होतं. मी रुमाल ओला केला, तुझी रेघ पुसली, आणि पाणी होतं तिथे नवी रेघ मारली. तुझ्याच पेन्सिलने, ती खिडकीत होती. मनाला सांगितलं की थोडं मुरलं असेल, आता थांबेल, टाइल्स लागल्या की काय कळणार आहे.

भेग कडेला भिंतीत असावी आणि पाणी तिच्या खाली उतरल्यावर मुरणं थांबलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी तू वाकून पाहिलंस तेव्हा पाणी रेघेवर होतं. तू खरं तेच लिहिलंस. तुझं काहीही चुकलं नाही. थोडंसुद्धा नाही. जानेवारीत मी "दोघींचं" लिहिलं तेव्हाही मला हे माहीत होतं.

आता या महिन्यात काय झालं ते सांगते. ते सांगितल्याशिवाय हे पत्र आज कसं निघालं ते तुला कळायचं नाही.

तीन तारखेला मी तुला लिहीत बसले होते, तेव्हा आई दारात आली होती. ती पाण्याकडे बघून घाबरली नाही. रेघेकडे बोट दाखवून विचारलं, "ही कशाला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "खुणेचा काय भरवसा? कोणी पुसून दुसरी केली तर?" तुला माहितीये, आईची सगळी नोकरी औषधांच्या दुकानात गेली. बाटलीवर कागदाची पट्टी लावून मात्रेच्या खुणा करायच्या, हेच तिचं काम. ती तिच्या कामाचं बोलत होती, माझ्या मनात काय आहे याची तिला गंधवार्ता नव्हती. मी तिथेच उंबरठ्यावर बसले आणि तिला सगळं सांगितलं. रुमालासकट.

तिने पुन्हा त्या रेघेकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू? आणि मी पोरीला घराबाहेर काढलं?" आणि अशी रडली, मुंगे, की मला वाटलं आता हिचं काहीतरी होतंय. माझ्या हातचं पाणी घेईना. मी जवळ गेले की हात झिडकारायची. दुपारी झोपली. उठली, आणि हसून म्हणाली, "चहा करतेस का गं?" सगळं गेलं होतं.

आणि मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. सांगून झालं, शिक्षा भोगून झाली, आणि आई पुन्हा माझ्याशी गोड बोलतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले आणि विचारलं, "धाकटीने माफी मागितली का?"

मी त्या दिवशी गप्प बसले. म्हटलं, एकदा सांगितलंय की. पण ती चेहरा पाडून बसली, तुझ्यावर रुसून, आणि ते मला बघवेना. तिसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच रडणं, तेच "तू?". तिच्यासाठी ते दर वेळी नवं असतं. तेव्हापासून रोज. मधे चार दिवस भ्याले, बाकी बावीस वेळा मी आईला हे सांगितलंय. नऊ वर्षांत एकदा तोंडातून निघालं नाही ते आता रोज नाश्त्याआधी निघतं.

पण त्यातही मी माझी लबाडी केलीच. सांगून सांगून मला ते सफाईने सांगता यायला लागलं. कुठे थांबायचं, कुठे तिचा हात धरायचा, सगळं जमलं. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की मी रुमाल गाळलाय. "रेघ थोडी खाली सरकवली" एवढंच म्हणाले. आईने डोळे बारीक केले. "थोडी म्हणजे किती?" मी म्हटलं, "बोटभर." म्हणाली, "बोटभर म्हणजे थोडी नाही. बोटभर औषध जास्त गेलं तर माणूस मरतो." काल काय झालं ते तिला आठवत नाही, पण मापात कोणी तिला फसवू शकत नाही.

रोज रडून झालं की ती मला एक विचारते. "धाकटीला सांगितलंस का हे?" आणि मी रोज "हो" म्हणते. पहिल्या दिवशी तिने विचारलं नव्हतं, पुढे एकवीस वेळा "हो" म्हणाले. विसरणाऱ्या माणसाजवळ कबुली द्यायची आणि वर त्याच्याशीच खोटं बोलायचं, असला भित्रेपणा मी केला. तुला लिहायला बसले की हात थांबायचा, कारण तू विसरणार नाहीस हे मला माहीत होतं.

आज सकाळी मी "हो" म्हटलं तर ती डोळे पुसून म्हणाली, "मग? काय म्हणाली ती?"

हा प्रश्न तिने याआधी कधी विचारला नव्हता. काहीतरी बनवून सांगता आलं असतं, मुंगे. तिला पटलंही असतं. मी तोंड उघडलं आणि तुझ्या तोंडी घालायला मला एक शब्द सापडला नाही. शेवटी म्हणाले, "आई, मी तिला सांगितलेलं नाही."

ती चिडली नाही. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, आपण लहानपणी पडून आलो की बघायची तशी. मग म्हणाली, "मग मला काय सांगत बसलीस? मी विसरते गं सगळं. तिला सांग. तिच्या लक्षात राहील."

म्हणून आज.

साइटची ती वही मी इतकी वर्षं जपून ठेवली होती, का ते मलाही माहीत नाही. फेकायची हिंमत झाली नसेल. ती सोबत पाठवतेय. तुझ्या सहीच्या खाली, त्याच पानावर, मी काय केलं ते तारखेसह लिहून माझी सही केलीय. कोणालाही दाखव. डॉक्टरीणबाईंकडे आणि खालच्या काकांकडे मी स्वतः जाऊन सांगणार आहे. अजून गेलेली नाही, म्हणून गेले असं लिहीत नाही. मिस्त्रींनाही सांगायचंय. ते माझं काम सोडतील बहुतेक. सोडू देत.

आईचं बाथरूम झालं. पाणी तिन्ही दिवस टिकलं. वाळूच्या रंगाच्या जमिनीवर ती आता अनवाणी, एकटी जाते, दांडा धरते, तोटी फिरवते आणि पाणी आलं की "हं" म्हणते. काल आतून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. फोटो काढला तर कोणी छापणार नाही असं ते बाथरूम आहे, लाल सीट, निळी भिंत. आंघोळीला मात्र चांगलं आहे. ते तुझं आहे, माझं नाही, हेही तिला सांगितलं. तेही ती विसरली.

ये असं म्हणायचा हक्क मला राहिलेला नाही, त्यामुळे म्हणत नाही. आईच्या हातात किती दिवस आहेत ते मी जानेवारीत लिहिलं होतं. त्यातले तीन महिने मी पुन्हा घालवले. नऊ वर्षं आधी घालवली होती, त्यात हे तीन. माफ कर असंही लिहीत नाही, कारण ते लिहिलं की तू काहीतरी उत्तर द्यायला बांधली जाशील आणि तुझ्याकडून मला आणखी काही घ्यायचं नाही.

उद्या सकाळी आई हे सगळं विसरलेली असेल. ती विचारील, "धाकटीने माफी मागितली का?" मी म्हणेन, "नाही आई, तिने मागायची नाहीये. चूक माझी आहे." मग ती रडेल, माझा हात झिडकारील, आणि रडून झालं की विचारील, "धाकटीला सांगितलंस का?"

टपालपेटी चार वाजता उघडतात. आत्ता साडेतीन झालेत. निघते.

ताई